गाल दाखव

— श्वास तरी घेऊ का?

— घे. पण हळू. आणि त्या खुर्चीला टेकू नकोस, कुरकुरते ती.

— आता तू बोललास. गेलं ना तुझं रेकॉर्डिंग वाया?

— आधी तू बोललीस. आता परत पहिल्यापासून. खारू, जरा वेळ गप्प बसता येत नाही तुला? बालवाडीत पोरांना तोंडावर बोट ठेवायला लावत असशील दिवसभर.

— हल्ली तसं लावत नाहीत. आणि दादा, रिकाम्या खोलीचं रेकॉर्ड काय करायचं? आई काय म्हणायची, आठवतंय? ‘माझा मुलगा काहीच न झाल्याचा आवाज विकतो.’

— पाहुण्यांसमोर म्हणायची. सगळे हसायचे. पण सिनेमात दोन वाक्यांच्या मधे खोली ऐकू यावी लागते गं. नाही आली, तर बोलायचा थांबलेला माणूस एकदम मेल्यासारखा वाटतो. आणि प्रत्येक खोलीची शांतता निराळी. उद्या सामानवाले येऊन पलंग, कपाट हललं की आईची ही खोली संपली. परत मिळायची नाही.

— म्हणून फ्रीज बंद केलास.

— घरघरतो तो. भिंतीतून येतं.

— आणि गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्यास.

— नाहीतर परत सुरू करायचा विसरतो मी. घरी जायला किल्ल्या लागतात, किल्ल्यांसाठी फ्रीज उघडतो, मग आठवतं. वर्षानुवर्षं असंच करतोय. तुला काय नवीन आहे?

— नवीन नाही. त्या दिवशीही थंडगार किल्ल्या खिशात टाकून गेलास.

— कुठल्या दिवशी?

— काही नाही. घे तुझं रेकॉर्डिंग. एकदा घेतलेलं पुरत नाही वाटतं.

— एकदा घेतलंय, हे तुला कुणी सांगितलं?

— तूच सांगितलं असशील.

— मी तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलेलं नाही.

— मग मला स्वप्न पडलं असेल. दादा, चहा टाकू?

— नको. बस. तुझ्याशी बोलायचंय. मघाशी कपाटावरची डबी उघडून बघितली मी. गोळ्यांची.

— तू माझ्या डब्या उघडतोस?

— आई उघडायची.

— आई आता नाही.

— म्हणूनच मी उघडली. कालच्या खणात गोळी तशीच आहे, खारू.

— विसरले.

— माझ्याकडे बघून सांग.

— बघितलं. विसरले नाही. घेतली नाही. आजचीही घेणार नाहीये. झालं समाधान?

— का?

— कारण आई गेली आणि मला भूक लागली.

— म्हणजे?

— तुम्ही सगळे तिच्याभोवती बसला होतात. मावशी आक्रोश करत होती. तू भिंतीला डोकं टेकून होतास. आणि मी बघत होते की पलंगाची चादर एका बाजूला जास्त लोंबतेय. मला तेवढंच दिसत होतं. मग पोटात कालवलं, मला वाटलं, आलं. आलं एकदाचं रडू. तर ती भूक होती. मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या पाव खाल्ला. मावशीने बघितलं. पोरगी दगड झाली, म्हणाली. तू ऐकलंस. काही बोलला नाहीस.

— मला त्या क्षणी काही सुचत नव्हतं.

— मी दोष देत नाहीये. मला राग आला असता तर बरं झालं असतं, तोही आला नाही. मला कळतं, इथे राग यायला हवा. इथे वाईट वाटायला हवं. जागा बरोब्बर कळतात. पण त्या जागी गेलं की तिथे कुणी नसतं.

— डॉक्टरीणबाईंना सांगितलंस हे?

— त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? मी म्हटलं, छान.

— छान!

— मग काय सांगू? वाईट वाटत नाही, असंच असतं ना उत्तर? खरंच वाटत नव्हतं. चांगलंही वाटत नव्हतं. पण ते कुठे विचारलं त्यांनी. दादा, वर्गात एक मुलगी आहे. अगदी चिमुरडी, दात पडलेली. परवा माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या कपाळावर बोटाने ठोकलं. टकटक. मला वाटलं, खेळतेय. मी म्हटलं, कोण आहे? तर म्हणते, ‘तुम्ही नाही बोलायचं. मी आतल्या बाईंना विचारतेय.’

— पोरं काहीही बोलतात.

— पोरं बघतात, दादा. मोठे लोक शब्द ऐकतात, पोरं तोंड बघतात. मी हसते ना, ते आरशात बसवलंय मी. ओठ इथवर, डोळे जरा बारीक. मोठ्यांत खपून जातं.

— नाही खपत.

— काय?

— माझ्यासमोर नाही खपत. माझं कामच ते आहे. सगळे हसतात, मग तू हसतेस. अगदी किंचित मागून. आवाज सरकलेल्या सिनेमासारखं. मला पहिल्या दिवसापासून ऐकू येतं.

— मग बोलला का नाहीस कधी?

— भ्यायलो. वाटलं, बोललो तर गोळ्या बंद करशील. बोललो नाही, तरी केल्यासच.

— एकच दिवस केल्यात.

— गेल्या वेळीही एकाच दिवसापासून सुरुवात झाली होती. आठवतं तुला काही?

— सगळं आठवतं. तुम्हाला वाटतं तसं नव्हतं ते. सुरुवातीला किती सुंदर होतं, दादा! रस्त्यातल्या प्रत्येक माणसावर माझं प्रेम होतं. पाण्यालासुद्धा चव होती. मी घरभर रंग दिला, ते कसं झळकत होतं!

— आरशांनाही दिलास. खिडक्यांच्या काचांनाही. आई आंघोळीला गेली होती, तर तू बाथरूमचं दार बाहेरून रंगवून, कडी घालून निघून गेलीस. अनवाणी. तिच्या हाका शेजाऱ्यांनी ऐकल्या.

— ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

— तिनेच सांगू दिलं नाही. आणि नंतरचं? तू पलंगाखालून बाहेर यायची नाहीस. आई फरशीवर झोपायची, तुझ्या तोंडाला तोंड लावून, तुझा श्वास चालू आहे की नाही ते ऐकत. मी तिला म्हटलं, आई, मी बसतो, तू झोप. तर म्हणाली, ‘तुझ्या मशीनला कळेल, मला कानानेच कळायला हवं.’ नंतर गोळ्यांनी तू शांत झालीस. मी तिला विचारलं होतं, आई, ही अशी काहीच न वाटणारी पोर तुला चालते? तिने मला असं झापलं! म्हणाली, मला ती आहे एवढं पुरे, बाकीचं हळूहळू येईल.

— नाही आलं. तिच्या जाण्यापर्यंत नाही आलं. तिच्यासाठी एकदा तरी मला नीट रडायचंय, दादा. कुणाला दाखवायला नाही. तेवढंच हवंय. दोन-चार दिवस गोळ्या सोडते, रडून घेते, परत सुरू करते.

— असं नळासारखं सुरू-बंद करता येतं का ते?

— माहीत आहे, नाही येत. पण तुला नाही कळायचं. तू रडलास. जिन्यात बसून रडलास, लहान मुलासारखा, नाक ओढत.

— हे कुणी सांगितलं तुला?

— शेजारच्यांनी.

— शेजारी गावाला गेले होते तेव्हा. खारू, त्या दिवशी या घरात कुणी नव्हतं. आईला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ. तू दूध आणायला गेली होतीस. म्हणून तर मी मशीन घेऊन आलो. फ्रीज बंद केला, या टेबलावर मशीन ठेवलं, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसलो.

— मला काय विचारतोस?

— बरं, ते राहू दे. तुला एक सांगायचंय. मला वेड्यात काढणार नसशील तर.

— या घरात ते खातं माझ्याकडे आहे. बोल.

— ते रेकॉर्डिंग मी रोज ऐकतो. गाडीत. कामाला जाताना, येताना. त्यात कुणीतरी आहे.

— म्हणजे काय, कुणीतरी?

— रिकामी खोली आणि माणूस असलेली खोली सारखी वाजत नाही. माणूस काही न करता बसला तरी खोली भरते. ही खोली भरलेली आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, माझंच डोकं. मग मधे एक टक् असा आवाज येतो. छोटासा. आणि त्यानंतर, थोडं थांबून, हं.

— हं?

— आईचं हं. तुला माहितेय. तुला गोळी दिली की म्हणायची ना, ‘गाल दाखव.’ तू लहानपणी खोकल्याचं औषध गालात धरून कुंडीत थुंकायचीस, म्हणून तर खारू नाव पडलं. मोठेपणीही तिने तुला सोडलं नाही. तू तोंड उघडायचीस, जीभ वर करायचीस, ती आत वाकून बघायची आणि मग...

— आणि मग सुटल्यासारखं हं म्हणायची. नाकातून. शेवटी जरा वर नेऊन.

— तेच. तेच आहे त्यात. मी माणसांचे आवाज ओळखण्यात आयुष्य घालवलंय, माझे कान चुकत नाहीत. आई इथे होती, खारू. त्या संध्याकाळी. अजून असेल, म्हणून आज परत घेतोय. उद्या सामान हलायच्या आत.

— ऐकव मला.

— नको, तू घाबरशील.

— मी? मी घाबरले तर पेढे... नाही, आई गेलीय, पेढे नकोत, दुसरं काहीतरी वाट तू गावभर. दे ते हेडफोन.

— इथून सुरू होतं. डोळे मिट.

— रस्त्यावरची गाडी.

— हो. ती जाऊ दे.

— पंखा नाही. घड्याळ आहे. कुणीतरी लांब रडतंय.

— तो मी. दाराबाहेर. पुढे ऐक.

— टक्.

— हा! आता थांब. आता येईल बघ.

— ...

— आलं? ऐकलंस?

— परत लाव.

— तुलाही ऐकू आलं ना? सांग ना, आईच आहे ना ती? सांग, खारू. निदान तू तरी सांग. मी कुणाला विचारू?

— दादा, आधी इथे बस. माझ्याजवळ. हात दे.

— का?

— ते टक् म्हणजे माझ्या डबीचं झाकण आहे.

— कसली डबी?

— हीच. हे बघ, असं. टक्. तोच आवाज आहे की नाही, तूच सांग.

— तू दूध आणायला गेली होतीस.

— दारापर्यंत गेले आणि परत आले. दुधवाल्यासमोर कसं तोंड करायचं ते सुचेना. पलंगाच्या पलीकडे, भिंतीशी, फरशीवर बसले होते. तू आलास. तुझे पाय दिसत होते मला. तू मशीन ठेवलंस, उशीवरून हात फिरवलास आणि दार ओढून गेलास. मला हाक मारावीशी वाटली नाही. काहीच करावंसं वाटलं नाही. तू बाहेर रडत होतास आणि मी मनात म्हणत होते, आता नाक तरी शिंकर.

— आणि ते हं?

— खोलीत मी एकटीच होते, दादा. म्हणजे ते माझंच असणार.

— असणार म्हणजे? तुला आठवत नाही?

— गोळी घेतली ते आठवतं. वेळ झाली होती. पाण्याशिवायच घेतली, घशात अडकली. मग... मग काही नाही. तुला माहितेय का, मी तोंड उघडलं होतं. एकटीच. जीभ वर करून. का, ते मला माहीत नाही. समोर कुणी नव्हतं.

— आईचाच आवाज आहे तो.

— असेल. माझ्या गळ्यातून निघाला असेल. तुझी आई हिरावून घेतली मी, हो ना? गप्प बसायला हवं होतं.

— महिनाभर मी गाडीत कुणाशी बोलत होतो मग?

— काय बोलायचास?

— असंच. आज ट्रॅफिक फार आहे, आई. खारू जेवली, आई. खारूची काळजी करू नकोस, आई.

— मग ठीक आहे. मीच होते तिथे. पोचलं सगळं.

— हसवू नकोस गं. मला रडू येतंय.

— रड ना. निदान एकाने तरी. पण दादा, ऐक. खरं सांगते, मला समजत नाहीये. मी तिथे बसले होते तेव्हा माझ्यात काही नव्हतं. शपथेवर सांगते. नुसती फरशी गार लागत होती. मग हं कुणी म्हटलं? कुणाला हायसं वाटलं एवढं? म्हणजे आत कुणीतरी आहे आणि ती मला सोडून सगळं करतेय? आईची आठवण काढतेय, आईसारखं सुटल्यासारखं होतंय तिला, आणि मला कळवतसुद्धा नाही?

— त्या मुलीने ठोकलं ते बरोबर घर होतं म्हणायचं.

— चेष्टा करू नकोस.

— चेष्टा नाही. आईसाठी रडायचं होतं ना तुला? आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, कुणी सांगायला नाही, बघायला नाही, तू वेळेवर गोळी घेतलीस आणि तोंड उघडून दाखवलंस. आक्रोश करणाऱ्या मावशीने आईचं एवढं ऐकलं नव्हतं कधी.

— तू उगाच गोड बोलतोस.

— बोलेन. मी भाऊ आहे. आणि घाबरलोय, ते सरळ सांगतो. आई गेली, ते मी सोसलं. तू परत अनवाणी निघून गेलीस तर मला जमणार नाही. सोमवारी आपण दोघं जाऊ डॉक्टरीणबाईंकडे. छान वगैरे नाही सांगायचं. पावाचं सांग, त्या मुलीचं सांग. त्या म्हणाल्या होत्या मला, औषध बदलता येतं, कमी करून बघता येतं, पण आपल्या मनाने बंद करायचं नाही.

— तुला कधी म्हणाल्या?

— मीही चोरून विचारलं होतं. तू एकटीच चोर आहेस का घरात?

— आणि बदलूनही काही आलं नाही तर? असंच राहिलं तर? कायमचं हसू मागून येत राहिलं तर?

— मी थांबेन ना तेवढा वेळ. माझं काय जातंय? मी तर शांततेचे पैसे घेतो.

— मशीन चालू आहे का रे हे?

— अरे! हो. मघापासून चालूच आहे. गेलं सगळं. खोली राहिली बाजूला, आपली बडबडच आली त्यात. थांब, बंद करतो.

— राहू दे. पाणी आण आधी. नाही, नको, तांब्या इथेच आहे. दिवे लागायची वेळ झाली. आई याच वेळेला गोळी घेऊन यायची.

— घेतेस?

— घेते. सोमवारपर्यंत. पुढचं त्या काय म्हणतील ते.

— कालची राहू दे हां. दोन एकदम घ्यायच्या नसतात.

— माहितेय मला. तुझ्यापेक्षा जास्त माहितेय.

— टक्. हो, तोच आवाज. अगदी तोच. मी मूर्ख आहे.

— आता बोलू नकोस. तोंडात आहे.

(ती घोटभर पाणी घेते, मान वर करते. मग पलंगाकडे तोंड करून तोंड उघडते, जीभ वर करते. बाहेरचा दिवा लागतो.)

— हं.

— वा, दादा! शेवटी वर नेलंस, अगदी आईसारखं.

— काय?

— हं म्हणालास ते.

— मी नाही म्हणालो. मला वाटलं, तू.

— माझं तोंड उघडं होतं, दादा. जीभ वर होती. फ्रीजचा आवाज असेल?

— बंद आहे. किल्ल्या आत आहेत.

— हात बघ माझा.

— काटा आलाय.

— आलाय ना? खरंच आलाय ना? मी नाही आणलेला. आपोआप आला. मानेपर्यंत गेलाय. दादा, मला भीती वाटतेय.

— चल, बाहेर जाऊन बसू. मशीन बंद करतो आणि...

— मशीन तसंच राहू दे. नंतर ऐकूही नकोस. आणि सामानवाल्यांना सांग, उद्या नका येऊ.

— का गं?

— उद्या याच वेळेला तू ये.